गाडी 'स्लो' का राहत नाही?

(मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संपादित करून.)



दरवर्षी या मंचावर डॉक्टर बोलतात, प्राध्यापक बोलतात, कीर्तनकार बोलतात. यंदा कार्यकर्त्यांनी गॅरेजवाल्याला उभं केलंय. मी म्हटलं, मला भाषण येत नाही, गाडी येते. ते म्हणाले, मग गाडीवरच बोला. तर आज एकाच दुखण्यावर बोलतो. गाडी उभी असताना, गिअर न्यूट्रलमध्ये असताना, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन नीट चालत नाही, थरथरतं, मिस मारतं, किंवा बंदच पडतं. पुस्तकात याला 'निष्क्रिय गती' असा शब्द आहे, पण तो वापरणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. आपण सगळे 'स्लो' म्हणतो. आपल्याकडचं गिऱ्हाईक येतं ते तीन भाषांत येतं. गुजराती शेठ म्हणतो, गाडी ध्रूजे छे. आपला खान्देशी माणूस म्हणतो, भाऊ, गाडी थरथरस. आणि पुण्याकडचे कोणी असतील तर म्हणतात, आयडलिंगचा प्रॉब्लेम आहे. दुखणं एकच.

हे दुखणं वरवर क्षुल्लक वाटतं. चालू गाडीत जाणवत नाही, मग कशाला पैसे घालवा? पण आपल्यापैकी निम्मे लोक गणपतीला नाहीतर दिवाळीला बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत कोंडाईबारी घाटातून साक्री-धुळ्याकडे जातात. गाडीत म्हातारी आई, मुलं, डिक्कीत मिठाई. घाटात ट्रकच्या मागे थांबलात, पाय उचलला आणि इंजिन बंद पडलं, की ब्रेक बूस्टरची मदत एक-दोन वेळा पेडल दाबल्यावर संपते. मग तोच पेडल दगडासारखा लागतो. चढावर, मागे भरलेला ट्रेलर. म्हणून मी याला क्षुल्लक म्हणत नाही.

दुसरं कारण पैशाचं. या एका तक्रारीवर जेवढे पैसे उगाच जातात तेवढे दुसऱ्या कशावर जात नसतील. प्लग बदला, नाही गेलं. वायर बदला, नाही गेलं. कार्बोरेटर नवीन टाका, नाही गेलं. मग शेवटचं वाक्य येतं, 'इंजिन करावं लागेल.' इंजिन करणं म्हणजे पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत गाडीच्या किमतीएवढा खर्च. मग माणूस गाडी भंगारात देतो. पुष्कळ वेळा त्या गाडीला काहीच झालेलं नसतं.

आता जुन्या गाडीचं म्हणाल तर माझी शिकाऊ वर्षं कुर्ल्याला गेली, फियाटच्या टॅक्सीखाली. ही प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यातच बनायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, त्यांचा कारखाना. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीवाल्यांचा कान मी फार मोठा मानतो. सिग्नलला उभं राहून दिवसातले कित्येक तास इंजिन स्लोवरच ऐकायचं. फरक पडला की चार वाजता गाडी लाइनीतून काढून गॅरेजला. यंत्र नव्हतं, स्कॅनर नव्हता. कान आणि प्लगचा रंग, एवढ्यावर काम.

त्यानंतर आपल्या घराघरांत आली ती मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी दिली गेली, २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. याच इंजिनावर ओम्नी व्हॅन. आजही चलथाणमध्ये टिफिनवाले, फूलवाले, शाळेची मुलं नेणारे यांच्याकडे ती आहे. तीन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरपेक्षा मुळातच थोडं हलतं, हे आधी समजून घ्या. शेजाऱ्याच्या चार सिलिंडरच्या गाडीशी तुलना करून 'माझी हलते' म्हणू नका. तुमचीच गाडी सहा महिन्यांपूर्वी कशी होती त्याच्याशी तुलना करा.

एक हिशेब सांगतो. स्लोवर इंजिन मिनिटाला ९०० फेरे फिरतं असं धरा. फोर स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४५० वेळा. तीन सिलिंडरचे मिळून १,३५०, म्हणजे सेकंदाला बावीस-तेवीस ठोके. इतके ठोके कानाला वेगळे ऐकू येत नाहीत, एक सलग घुमणं ऐकू येतं. आता एक सिलिंडर मेला तर प्रत्येक तिसरा ठोका गळतो, सेकंदाला सात-साडेसात वेळा खड्डा पडतो. तो मात्र कानाला कळतो आणि सीटलाही कळतो. धक् धक् धक्, ठरावीक तालात. पहिला भेद इथेच होतो. थरथर तालात असेल तर एखादा सिलिंडर काम करत नाही. इंजिन वर-खाली जात असेल, झोका घेतल्यासारखं, तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात गडबड आहे. आणि अधूनमधून, कधीही, बेताल मिस मारत असेल तर करंटकडे बघायचं. हा नियम दहापैकी आठ वेळा बरोबर येतो. उरलेल्या दोनसाठी गॅरेज.

बॉनेट उघडण्याआधी मी गिऱ्हाइकाला प्रश्न विचारतो. थंड असताना होतं की गरम झाल्यावर? हेडलाइट, पंखा, एसी लावल्यावर वाढतं का? रेस दिली की जातं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सुरू व्हायच्या आधी गाडीत कोणतं काम केलं होतं? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि बरेचदा उत्तर त्यातच असतं. डॉक्टरही आधी विचारतात, मग नाडी बघतात. पण गॅरेजमध्ये प्रश्न विचारले की गिऱ्हाइकाला वाटतं याला काही येत नाही.

मागच्या वर्षी श्रावणात एक ओम्नी आली. मिलमधल्या कामगारांना डबे पोचवणाऱ्या आपल्या एका ताईंची. सकाळी आठच्या आत पन्नास-साठ डबे कडोदऱ्याकडे जायचे, गाडी दर फाटकाला, दर चार रस्त्याला बंद पडायची. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. प्लग नवे, वायर नव्या, कार्बोरेटर दोनदा साफ. शेवटी इंजिन करा म्हणून सांगितलं होतं. ताई गळ्यातलं काही मोडायच्या विचारात होत्या. मी विचारलं, आधी काय काम केलं? म्हणाल्या, सीएनजीची टाकीची मुदत संपली म्हणून किट काढून टाकलं, तेव्हापासून. मग पुढची सीट उचलली. ओम्नीचं इंजिन सीटखालीच असतं. किट काढताना मॅनिफोल्डवरची एक नळी मोकळी झाली होती, तिच्या तोंडावर रबराची टोपी बसवलेली होती, आणि ती टोपी उष्णतेनं खालच्या बाजूनं चिरली होती. वरून बघून कळत नव्हतं. बोट ठेवलं, इंजिन शांत. बोट काढलं, थरथर. त्या टोपीचे पैसे मागायची मला लाज वाटली.

हे असं का होतं ते नीट समजून घेऊ, कारण सगळ्या विषयाची किल्ली यातच आहे. पेट्रोल इंजिन स्लोवर असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. आत पिस्टन हवा ओढतो पण वाट चिंचोळी, म्हणून मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. ढोबळ हिशेबानं मारुतीचं इंजिन स्लोवर मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटर हवा घेतं. हायवेला जोरात पळताना हजार लिटरच्या वर. आता कुठेतरी एक भेग आहे आणि तिच्यातून मिनिटाला वीस लिटर हवा चोरून आत येते. हजारात वीस काहीच नाही, म्हणून हायवेला गाडी छान पळते. शंभरात वीस म्हणजे मिश्रण एकदम पातळ, सिलिंडर पेटेल तर पेटेल. म्हणून 'रेस दिली की नीट चालते, पाय काढला की मरते' असं कोणी सांगितलं की माझा हात आधी रबरी नळ्यांवर जातो, कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगवर जातो. आपण म्हणतो ना, गाडी हवा घेते. तेच ते.

हवा कुठून घेते ते शोधायला काही मुलं कार्बोरेटरवर पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारतात. भेगेवर फवारा पडला की आवाज बदलतो हे खरं, पण गरम सायलेन्सरच्या वर पेट्रोल उडवणं म्हणजे आगीशी खेळ. साबणाचं पाणी बाटलीतून मारा. भेग पाण्यानं क्षणभर बुजते, आवाज बदलतो, काम तेवढंच होतं. फक्त डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरींवर पाणी नको. ब्रेक बूस्टरची नळी चिमट्यानं दाबून बघा. दाबल्यावर इंजिन सुधारलं तर बूस्टरचा पडदा फाटलाय. तो दोष इंजिनाचा नाही, ब्रेकचा आहे, आणि तो उद्यावर टाकायचा नाही.

आता तालातल्या थरथरीकडे. कोणता सिलिंडर आळशी आहे ते शोधायची जुनी पद्धत म्हणजे एकेका प्लगची वायर काढून बघणं. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी बिघडतं. मेलेल्याची काढली की काहीच फरक पडत नाही. हा जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांचा उपाय. रबरी मुठीची पकड घ्या, शॉक जोरदार बसतो. आणि २००० नंतरच्या एमपीएफआय गाड्यांत हे फार वेळ करू नका, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर खराब होतो. त्याची किंमत ऐकून घाम फुटेल.

सिलिंडर सापडला की प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी, बिस्किटासारखा, तर सगळं ठीक. काजळीसारखा कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढुरका म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. ओला आणि तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. आणि नवीन प्लग विकत घ्यायच्या आधी एक फुकटची परीक्षा करा. एक नंबरचा प्लग दोनमध्ये, दोनचा एकमध्ये. दुखणं प्लगबरोबर सरकलं तर प्लग खराब. तिथेच राहिलं तर प्लग निर्दोष. हीच युक्ती वायरीला. शंभर रुपयांचा प्रश्न असला तरी पद्धत हीच ठेवा, कारण एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या की गाडी सुधारली तरी कशानं सुधारली ते कळत नाही.

प्लग ठीक, वायर ठीक, तरी सिलिंडर मेलेला, तर कॉम्प्रेशन मोजायचं. गेज फार महाग नाही. लोक आकडा विचारतात, किती हवं? मी म्हणतो, आकड्याआधी फरक बघा. तिन्ही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असले तर जुनी गाडीसुद्धा स्लोवर शांत उभी राहते. एक खूप खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा झिजल्या, ऑइलनं तात्पुरती फट बुजवली. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन खाली असतील तर हेड पॅकिंगवर संशय घ्या. आणि व्हॉल्व्ह म्हटलं की लगेच हेड उतरवू नका, आधी टॅपेट बघा. आपल्याकडे टॅपेटचा आवाज आला की लोक घट्ट करून घेतात. आवाज जातो, गिऱ्हाईक खूश. पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, फटच उरली नाही तर तो पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन गळतं, आणि तसंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो. थोडा टिकटिक आवाज करणारा टॅपेट परवडला.

आणखी एक गंमत. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरा, हात लांब ठेवून. चांगल्या इंजिनात तो बाहेरच्या बाजूला एकसारखा फडफडतो. अधूनमधून आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह धरत नाही. कुर्ल्यात हे विडीच्या बंडलाच्या कागदावर शिकवलं गेलं.

कधी कधी इंजिनला काहीच झालेलं नसतं. बॉनेट उघडून बघितलं तर इंजिन आपल्या जागी शांत, पण स्टिअरिंग आणि आरसा थरथरतोय. तेव्हा फाउंडेशन बघा, म्हणजे इंजिनाखालची रबरं. ऑइल सांडून ती फुगतात, नाहीतर फाटतात. कार्बोरेटर साफ करून ती बरी होणार नाहीत.

आता एक गोष्ट थोडी रागानं सांगतो. स्लो राहत नाही म्हणून आलेल्या गाडीचा स्लोचा स्क्रू अर्धा फेरा आत फिरवून 'झालं' म्हणणं. गाडी बंद पडत नाही, गिऱ्हाईक जातं. काय झालं? झडप थोडी उघडली, इंजिनला जास्त हवा-पेट्रोल मिळालं, दोष झाकला गेला. पेट्रोल जास्त जळतं, क्लच सोडताच गाडी उडी मारते, उतारावर इंजिनाचा ब्रेक कमी लागतो, आणि मूळ भेग दर महिन्याला वाढते. मिश्रणाचा दुसरा एक स्क्रू असतो. तो हळू आत घेत गेलात तर निरोगी गाडी मंदावत बंद पडली पाहिजे. पूर्ण आत घेऊनही काही फरक पडला नाही, तर समजा स्लोच्या वाटेनं पेट्रोल जातच नाही. स्लो जेटमध्ये कचरा असेल, किंवा त्यावरचा सोलेनॉइड मेला असेल. चावी चालू-बंद करून कान लावा, त्या सोलेनॉइडचा 'टिक' आवाज यायला हवा. जेटमध्ये तार मात्र घालू नका. हवेच्या दाबानं साफ करा. भोक तसूभर मोठं झालं की जेट गेला.

पीयूसीचाही संबंध इथेच येतो. पेट्रोल गाडीची तपासणी स्लोवर होते. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्या स्टेज-२ आणि ३ ला ०.५ टक्के, स्टेज-४ ला ०.३ टक्के. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण आणि फिटनेस करायचा असतो, तेव्हा स्लो नीट नसलेली गाडी तिथे अडते. आणि हा कार्बन मोनॉक्साइड नुसता कागदावरचा आकडा नाही. त्याला वास नाही, रंग नाही. शटर खाली ओढून, पाऊस येतोय म्हणून, बंद गाळ्यात इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग करू नका. मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही सांगतो, मांडवाचा जनरेटर झोका घेत, धूर सोडत चालत असेल तर त्याला ताडपत्रीच्या आत घेऊ नका. आत मुलं झोपलेली असतात.

आता ज्याची सगळे वाट बघतायत तो प्रश्न. इथेनॉल. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूला ई-२० पेट्रोलचा शुभारंभ झाला, आणि आता पंपावर तेच मिळतं. ऊस आपल्या दक्षिण गुजरातचा जीव आहे, चलथाणच्या साखर कारखान्यामुळे तर गावाचं नाव सगळीकडे पोचलंय. त्यामुळे मी इथेनॉलला शिव्या देणार नाही. पण जुन्या गाडीवर त्याचा परिणाम होतो हे खरं आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलच्या एका किलोला साधारण १४.७ किलो हवा, इथेनॉलला ९ किलो. वीस टक्के मिसळलं की ती गरज साडेतेरा किलोच्या आसपास येते. एमपीएफआय गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला डोकं नाही. जेटचं भोक तेवढंच. म्हणून मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, आणि जी गाडी आधीच काठावर होती ती स्लोवर थरथरायला लागते. मिश्रणाचा स्क्रू थोडा बाहेर घेऊन हे बरंच सावरतं.

दुसरा परिणाम रबरावर. जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधले वॉशर हे या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. फुगतात, चिरतात, त्यांचा चुरा स्लो जेटमध्ये जातो. तिसरा परिणाम पाण्याचा. इथेनॉल पाणी धरतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बनवतात. पावसाळ्यात दोन-दोन महिने उभी असलेली गाडी गणपतीला गावी जायला म्हणून काढली आणि ती चालेना, तर आधी टाकीचं जुनं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात बघा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा, बाकी कशाला हात लावू नका. पण हल्ली प्रत्येक थरथरीचं खापर इथेनॉलवर फुटतं, तेही मला मान्य नाही. रबराची चिरलेली टोपी इथेनॉल यायच्या आधीही चिरत होती.

एमपीएफआयवाल्यांसाठी दोन वाक्यं. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली की स्लोची हवा अडते, ती साफ करून घ्या. आणि स्कॅनर लावला की कोड येतो, त्या कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येतं तो सेन्सर लगेच बदलू नका. मिश्रण पातळ आहे असं यंत्र सांगतं तेव्हा ते भेगेचंच लक्षण असू शकतं. डिझेलचं प्रकरण वेगळं, त्यात प्लगचा करंट नाही, तिथे लाइनीत हवा आणि इंजेक्टर हे दोन संशयित. त्यावर बोलायला दुसरा दिवस लागेल.

मी येताना एक पिशवी आणली आहे. तिच्यात वेगवेगळ्या गाड्यांचे आठ-दहा जुने प्लग आहेत, काळे, पांढरे, तेलकट, सगळ्या रंगांचे, आणि ती फाटकी टोपीसुद्धा आहे, ताईंनी मला ठेवून घ्यायला सांगितली. आरतीनंतर इथे टेबलावर मांडतो. महिलांनी आणि मुलांनी आधी यावं. ज्यांच्या गाड्या बाहेर उभ्या आहेत आणि थरथरतात, त्यांनी इंजिन गार होईपर्यंत प्रसाद घ्यावा, मग एकेक बॉनेट उघडून बघू.